अँटिलोप, ऑरेगन: ३७ माणसांच्या गावाला ‘सिटी’ का म्हणतात?

प्रश्न असा होता: रजनीशांच्या (पुढचे ओशो) अमेरिकेतल्या दिवसांबद्दल वाचताना अँटिलोप हे नाव सारखं येतं. शोधलं तर लोकसंख्या ३७ आणि दर्जा ‘सिटी’. एवढंसं गाव शहर कसं? ते इतकं लहान का राहिलं? आणि हजारो माणसं तिथे येऊन गेली म्हणतात, तर लोकसंख्येच्या तक्त्यात त्याचा मागमूस का नाही?

ग्रामीण ऑरेगनमध्ये नियोजनाचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नकाशे, शेतजमिनीचे परवाने आणि लहान गावांच्या लोकसंख्येचे अंदाज हीच माझी रोजची भाजीभाकरी आहे. त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर सोपं आहे आणि ते कळलं की बाकीचे दोन प्रश्नही उलगडायला लागतात.

अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते, शून्यावर संपणाऱ्या वर्षी, १ एप्रिल ही तारीख धरून. १९८० च्या जनगणनेत अँटिलोप चाळिशीच्या आत होतं. १९९० मध्ये ३४. मग २००० मध्ये ५९, २०१० मध्ये ४६ आणि २०२० मध्ये ३७. हा तक्ता पाहून कुणालाही वाटेल की इथे चाळीस वर्षांत काहीच घडलं नाही. रजनीशांच्या संस्थेने शेजारची जमीन जुलै १९८१ मध्ये घेतली आणि १९८५ सरता सरता सगळा बाडबिस्तरा आवरला. म्हणजे आगमन पहिल्या मोजणीनंतर आणि निर्गमन दुसऱ्या मोजणीच्या आधी. भरात असताना ७,००० पर्यंत वस्ती असलेलं एक आख्खं शहर दोन रकान्यांच्या मधल्या फटीत मावलं. जनगणनेने चूक केली नाही. तिला फक्त त्या दिवसांत कुणी विचारलंच नाही.

आता मधल्या काळातला एक आकडा पाहा. एप्रिल १९८२ मध्ये अँटिलोपमध्ये मतदान झालं. आपला शहराचा दर्जाच विसर्जित करावा का, हा प्रश्न होता. विरोधात ५५ मतं पडली, बाजूने ४२. बेरीज ९७. दोन वर्षांपूर्वी ज्या गावात मुलाबाळांसकट चाळीस माणसं नव्हती तिथे ९७ मतं! लहान गावाचा इतिहास शोधताना मी म्हणूनच जनगणनेच्या आधी मतदानाचे निकाल, जमीन खरेदीचे दस्त आणि शाळेचा पट बघतो. गावाची नाडी तिथे लागते.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. २०२० चा तो ३७ हा आकडाही तंतोतंत धरून चालण्यासारखा नाही. त्या वर्षीपासून सेन्सस ब्युरोने व्यक्तींची ओळख उघडी पडू नये म्हणून लहान भूभागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडा गणिती गोंधळ मिसळायला सुरुवात केली. संपूर्ण राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी दिली जाते, पण गाव, गल्ली, गट यांचे आकडे थोडे इकडेतिकडे केलेले असतात. लाखाच्या शहरात ते जाणवतही नाही. चाळीस माणसांच्या गावात जाणवतं. वय, उत्पन्न, शिक्षण यांच्या टक्केवाऱ्या तर बाजूलाच ठेवा. तिथे एक माणूस म्हणजे जवळजवळ पावणेतीन टक्के. एक कुटुंब मॅड्रासला (ऑरेगनमधलंच गाव, चेन्नई नव्हे) राहायला गेलं की गावाचं ‘सरासरी उत्पन्न’ कुठल्या कुठे जातं. ऑरेगनमध्ये शहरांचे वार्षिक अंदाज पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीचं लोकसंख्या संशोधन केंद्र काढतं आणि राज्याच्या काही करांचा वाटा शहरांना त्यावर मिळतो. आम्ही कामात तेच वापरतो.

आता गाव कुठे आहे ते बघू.

ऑरेगनच्या पश्चिम भागातून उत्तर-दक्षिण कॅस्केड पर्वतरांग जाते. पॅसिफिकवरून येणारे ढग तिच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात. पोर्टलंडकडे हिरवंगार, ओलंचिंब, आणि पूर्वेला पर्जन्यछायेतला कोरडा पठारी मुलूख. अँटिलोप या कोरड्या बाजूला, वॉस्को काउंटीच्या दक्षिण टोकाशी आहे. उंची साधारण ८०० मीटर. गावाचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मैलही भरत नाही. भोवती सेजब्रशची झुडपं, जुनिपरची खुरटी झाडं, गवताचे उघडे डोंगर. पाऊस थोडा, तोही बराचसा हिवाळ्यात, कधी बर्फ होऊन. उन्हाळा कडक आणि कोरडा. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला एक गोष्ट मात्र चटकन ओळखीची वाटते: उत्तरेकडे कोलंबिया नदीच्या खोऱ्यात पायऱ्यापायऱ्यांचे काळे कडे दिसायला लागतात. आपल्या दख्खनच्या पठारासारखाच तो लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला बेसाल्ट आहे, फक्त वयाने बराच तरुण. दख्खनचा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कोलंबियाचा मुख्यतः दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा.

उत्तरेला आठ मैलांवर, आणखी दोनशे मीटर उंचीवर, शानिको. ते पठाराच्या माथ्यावर, अँटिलोप खाली खोऱ्यात. शानिकोहून उतरणारा राज्यमार्ग २१८ अँटिलोपमधून पूर्वेकडे जातो, जॉन डे नदीवर क्लार्नोला उतरतो आणि पलीकडे चढून फॉसिल नावाच्या गावात संपतो. हे नाव हौसेने ठेवलेलं नाही. क्लार्नोचे सुळके सुमारे चार कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या चिखललोटांनी बनले आणि त्या चिखलात तेव्हाच्या उष्ण, दमट जंगलाची पानं, बिया, फळं अडकून दगड झाली. आज जिथे झुडूप धड वाढत नाही तिथे एकेकाळी घनदाट रान होतं. फॉसिलच्या शाळेमागच्या टेकडीवर तर थोडे पैसे भरून कुणालाही पानांचे जीवाश्म खणता येतात. मुलं बरोबर असतील तर ही जागा चुकवू नका.

भूगोलातली एक बारीक गोष्ट पुढच्या सगळ्या गोष्टीला उपयोगी पडते. अँटिलोपच्या ओढ्याचं पाणी पश्चिमेला वळून डेशूट्स नदीला मिळतं. रजनीशांच्या संस्थेने घेतलेली बिग मडी रँच, म्हणजे गुरंमेंढ्यांचं अवाढव्य शेत, ही पाणलोटाच्या पलीकडे आहे. तिथले मडी क्रीक आणि करंट क्रीक हे ओढे जॉन डे नदीला जातात. नकाशावर दोन्ही ठिकाणं शेजारी दिसतात, पण मध्ये डोंगर आहे आणि रस्त्याने जवळपास वीस मैलांचं अंतर. ‘अँटिलोपमध्ये आश्रम होता’ असं मराठीत अनेकदा लिहिलं जातं, ते बरोबर नाही. आश्रम रँचवर होता. अँटिलोप हा त्याचा पत्ता होता, आणि भांडण त्या पत्त्यावरूनच झालं.

त्याआधी गाव वसलं कसं, हे थोडक्यात.

हा मुलूख वॉर्म स्प्रिंग्ज आणि वॉस्को जमातींचा, आणि दक्षिणेकडून येणाऱ्या पायूट लोकांचा. १८५५ च्या तहाने मध्य ऑरेगनमधल्या जमातींनी जवळजवळ एक कोटी एकर जमीन सोडली आणि त्यांच्या वाट्याला वॉर्म स्प्रिंग्जची राखीव भूमी आली. पायूट त्या तहात नव्हते. त्याच सुमाराला, १८५४ मध्ये, वॉस्को काउंटी स्थापन झाली तेव्हा ती कॅस्केडपासून थेट रॉकी पर्वतापर्यंत पसरलेली होती. अमेरिकेतली आजवरची सगळ्यात मोठी काउंटी. नंतर तिचे तुकडे पडत गेले आणि आजचा आकार उरला.

१८६२ मध्ये पूर्वेला कॅनियन सिटीजवळ सोनं सापडलं. कोलंबियाकाठच्या द डॅल्स बंदरातून खाणींकडे खेचरांचे तांडे निघाले. वाटेतल्या या खोऱ्यात प्रॉंगहॉर्न दिसायचे, हरणासारखे शिंगवाले प्राणी ज्यांना इकडे अँटिलोपही म्हणतात, त्यांच्यावरून खोऱ्याचं नाव पडलं. १८६४ मध्ये हेन्री व्हीलरने द डॅल्स ते कॅनियन सिटी घोडागाडीची टपालसेवा सुरू केली. घोडे बदलायला, रात्र काढायला ठाणी लागली, त्यातलं एक अँटिलोप खोऱ्यात, हॉवर्ड मॉपिनचं. पायूटांचा पुढारी पॉलायना या वाटेवरच्या ठाण्यांवर हल्ले करायचा. १८६७ मध्ये तो मारला गेला, त्या गटात मॉपिन होता. आज मॉपिन नावाचं गाव आहे, व्हीलर नावाची काउंटी आहे आणि पॉलायनाच्या नावाचं शिखर, सरोवर आणि वस्ती आहे. मारणारा आणि मरणारा दोघेही नकाशावर. पश्चिम अमेरिकेत हे जागोजागी दिसतं.

१८७१ मध्ये टपाल कार्यालय आलं. मग लोकर. या कोरड्या गवताळ डोंगरांवर मेंढी चांगली पोसते. १८८०-९० च्या दशकांत अँटिलोप हे मेंढपाळांचं बाजारगाव झालं. दुकानं, हॉटेलं, दारूचे गुत्ते आले. १८९८ च्या आगीत बाजारपेठ जळाली, लोकांनी ती पुन्हा बांधली. १९०१ मध्ये गावाने रीतसर शहराची सनद घेतली. ही तारीख लक्षात ठेवा.

कारण तोवर गावाच्या मुळावर घाव पडलेला होता. १९०० मध्ये कोलंबिया सदर्न रेल्वे उत्तरेकडून आली आणि शानिकोला थांबली. पुढे उतार अवघड होता, पैसाही नव्हता. आठ मैलांवर रेल्वेचं शेवटचं स्थानक आल्यावर लोकर, गहू, जनावरं सगळी तिकडे वळली. शानिको स्वतःला लोकरीची जागतिक राजधानी म्हणवून घेऊ लागलं, आणि लाखो डॉलर्सचे लिलाव होत होते तोवर ती नुसती बढाईही नव्हती. अँटिलोपचा व्यापारी फक्त गिऱ्हाइकाच्या वाटेकडे डोळे लावून बसला.

शानिकोची ऐटही दहा-अकरा वर्षंच टिकली. १९०९ पासून जेम्स हिल आणि एडवर्ड हॅरिमन या दोन रेल्वेसम्राटांच्या कंपन्यांनी डेशूट्सच्या अरुंद दरीत, एकमेकींच्या समोरासमोरच्या काठांवरून, दोन स्वतंत्र रूळ टाकायची शर्यत लावली. १९११ मध्ये गाडी बेंडला पोचली आणि मध्य ऑरेगनचा माल त्या बाजूने वाहू लागला. शानिको मालाच्या वाटेवरून बाजूला पडलं. १९१० मध्ये तिथे ४९५ माणसं होती, २०२० मध्ये ३०. पुढे मोठा महामार्ग ९७ आला तो शानिकोवरून गेला आणि अँटिलोपला डावीकडे टाकून निघाला.

‘हे गाव इतकं लहान का’ या प्रश्नाला लोक नेहमी ‘तरुण शहराकडे गेले’ असं उत्तर देतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. मी दोन कारणं पुढे ठेवीन. पहिलं, वाहतूक: हे गाव घोड्यांच्या टप्प्याच्या अंतरावर वसलं होतं, आणि घोडे बदलायची गरज संपली तेव्हा या अंतरावर गाव असण्याचं कारणच संपलं. दुसरं, जमिनीचा हिशेब. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने माणशी १६० एकर दिले. पूर्वेच्या ओल्या राज्यांत त्यात कुटुंब जगतं. इथे एवढ्या एकरांत काहीच होत नाही. १९०९ मध्ये मर्यादा ३२० झाली, १९१६ मध्ये चराऊ जमिनीसाठी ६४०, आणि तीही पुरेना. एकेक कुटुंब हरून निघून गेलं, शेजाऱ्याने त्यांची जमीन घेतली. असे असंख्य तुकडे जुळूनच बिग मडीसारखी ६४,००० एकरांची रँच तयार होते. एवढ्या जमिनीवर कामाला मूठभर माणसं पुरतात. शेजारच्या व्हीलर काउंटीत आज चौरस मैलाला एक माणूसही नाही: २०२० मध्ये १,४५१ माणसं, क्षेत्रफळ १,७०० चौरस मैलांहून जास्त. ही वस्ती तिथल्या पाण्याला आणि गवताला साजेशीच आहे. उजाड झालेला प्रदेश म्हणून त्याकडे बघणं मला पटत नाही.

आता त्या सनदेकडे वळतो.

अमेरिकेत, निदान ऑरेगनमध्ये, ‘सिटी’ म्हणजे मोठं गाव नव्हे. ती एक कायदेशीर संस्था आहे. तिला कर लावता येतो, स्वतःचे पोलीस ठेवता येतात, बांधकामाचे परवाने देता येतात, महापौर आणि परिषद निवडता येते. आजच्या कायद्याने नवं शहर स्थापन करायला किमान १५० रहिवासी लागतात. पण एकदा स्थापन झालेलं शहर लोकसंख्या घटली म्हणून आपोआप रद्द होत नाही. अँटिलोपचे लोक १९०१ मध्ये पुरेसे होते, सनद मिळाली, माणसं गेली, सनद राहिली. आज ते पुन्हा अर्ज करायला गेले तर दारातूनच परत पाठवले जातील.

ऐंशी वर्षं या सनदेचं कुणाला काही वाटत नव्हतं. पाण्याची टाकी, दिवे, दफनभूमी, एवढंच काम. तिला एकदम किंमत आली ती १९७३ च्या कायद्यामुळे. गव्हर्नर टॉम मकॉल यांच्या काळात ऑरेगनने अमेरिकेतला सगळ्यात कडक जमीनवापर कायदा केला. प्रत्येक शहराभोवती वाढीची हद्द आखायची. दुकान, कार्यालय, छापखाना, दाट वस्ती ही शहरी कामं हद्दीच्या आत. बाहेरची जमीन शेतीसाठी राखीव. मी ज्या खात्यांबरोबर काम करतो ती सगळी याच कायद्यावर उभी आहेत आणि मी त्याचा पक्षपाती आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पुण्याच्या कोरेगाव पार्कमधून रजनीश १९८१ च्या मे-जूनमध्ये अमेरिकेला गेले. त्यांच्या सचिव मा आनंद शीला यांनी जुलैत बिग मडी रँच घेतली: ६४,२२९ एकर, ५७.५ लाख डॉलर. ऑगस्टअखेर रजनीश तिथे पोचले. जमीन शेतीसाठी राखीव होती, तिच्यावर शेतमजुरांची घरं बांधता आली असती, पण संस्थेला पुस्तकं छापायची होती, कार्यालयं हवी होती, हजारो संन्यासी वसवायचे होते. खरेदी करताना हे त्यांच्या वकिलांच्या लक्षात आलं नव्हतं, की आलं होतं आणि पुढचं पुढे बघू असं ठरलं, यावर अजून वाद होतो. माझा अनुभव असा की पैसेवाला खरेदीदार जवळजवळ नेहमी ‘पुढचं पुढे’ म्हणतो.

मग कायद्याने दोनच वाटा उरल्या. एक, रँचवर नवं शहर स्थापन करायचं. दुसरी, जवळच्या शहरात जायचं. सगळ्यात जवळचं शहर कुठलं? चाळीस माणसांचं अँटिलोप. संस्थेने दोन्ही वाटा धरल्या. अँटिलोपमध्ये मोकळे प्लॉट, घरं, दुकान विकत घ्यायला सुरुवात केली. नगर परिषदेने छापखान्याला परवाना नाकारल्यावर प्रकरण कोर्टात गेलं. गावकऱ्यांना कळून चुकलं की सनद हीच ती वस्तू आहे, जी या लोकांना हवी आहे. म्हणून त्यांनी सनदच मोडायचं ठरवलं. एप्रिल १९८२ चं ते मतदान हेच. तोवर नव्या रहिवाशांची नोंदणी झाली होती. ५५ विरुद्ध ४२. सनद शाबूत राहिली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर परिषद संन्याशांच्या हातात गेली. कर वाढले, रस्त्यांची नावं बदलली, शाळेचा कारभार गेला, आणि जुन्या गावकऱ्यांच्या दारांसमोरून ‘शांतिदला’च्या, म्हणजे संस्थेच्या पोलिसांच्या, गाड्या फिरू लागल्या. सप्टेंबर १९८४ मध्ये गावाचं नावच बदलून ‘रजनीश’ केलं गेलं.

दरम्यान रँचवर मे १९८२ मध्ये १५४ विरुद्ध ० मतांनी रजनीशपुरम हे वेगळं शहर स्थापन झालं. धरण, विमानपट्टी, बसगाड्या, अग्निशमन दल, उपाहारगृहं, सगळं उभं राहिलं. स्थापत्याच्या आणि शेतीच्या दृष्टीने तिथे काय केलं गेलं ते आजही अभ्यासण्यासारखं आहे. झिजलेल्या ओढ्यांना बांध घालून पाणी अडवणं, उघडी जमीन सावरणं हे काम खरोखर चांगलं झालं होतं. हे म्हटलं की इकडचे जुने लोक नाराज होतात, आणि पुढचं म्हटलं की पुण्यातले काही मित्र नाराज होतात. दोन्ही म्हणावं लागतं.

पुढचं असं. अँटिलोपवर जमलेलं गणित वॉस्को काउंटीवरही जमेल असं शीला आणि त्यांच्या गटाला वाटलं. पण १९८० मध्ये काउंटीची लोकसंख्या २१,७३२ होती. तिथे साठ माणसं आणून भागत नाही. १९८४ मध्ये देशभरातल्या शहरांतून हजारो बेघर माणसं बसमधून रँचवर आणली गेली, त्यांची मतदार म्हणून नोंदणी व्हावी म्हणून. काउंटीच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी नव्या अर्जदारांची एकेक चौकशी करायचं ठरवल्यावर तो डाव बारगळला. त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काउंटीचं मुख्य ठिकाण असलेल्या द डॅल्समधल्या दहा हॉटेलांच्या सॅलड काउंटरवर साल्मोनेला जिवाणू मिसळले गेले. ७५१ लोक आजारी पडले, सुदैवाने कुणी दगावलं नाही. मतदानाच्या दिवशी स्थानिकांनी घरी पडून राहावं, यासाठी केलेली ती चाचणी होती, हे पुढच्या वर्षी उघड झालं. शीला आणि आणखी एका महिलेला शिक्षा झाली.

स्थानिकांची बाजू धुतल्या तांदळासारखी नव्हती. ‘लाल कपडेवाले’, म्हणजे संन्यासी, दिसले की बंदूक रोखलेली चित्रं छापलेले शर्ट आणि टोप्या विकल्या जायच्या. १९८३ मध्ये पोर्टलंडमधल्या त्यांच्या हॉटेलात बॉम्बस्फोट झाला. जमीनवापराच्या सुनावण्यांत जे बोललं जायचं त्यातलं सगळं जमिनीबद्दल नव्हतं. नियोजनाच्या माणसाने हे लपवू नये. परदेशी, वेगळ्या धर्माचा, वेगळ्या कपड्यांचा माणूस आला की ‘इथे पाणी कमी आहे’ हे वाक्य फार लवकर आठवतं.

सप्टेंबर १९८५ मध्ये शीला युरोपात निघून गेल्या. ऑक्टोबरअखेर रजनीशांना नॉर्थ कॅरोलायनात अटक झाली. नोव्हेंबरमध्ये त्यांनी आरोपांबाबत तडजोड करून चार लाख डॉलर्स दंड भरला आणि देश सोडला. त्याच नोव्हेंबरच्या ६ तारखेला गावात मतदान झालं: जुनं नाव परत आणायला ३४ मतं, विरोधात शून्य. डिसेंबरमध्ये संघीय न्यायालयाने ठरवलं की रजनीशपुरम हे शहर धर्म आणि शासन यांच्या घटनात्मक फारकतीचा भंग करणारं आहे.

आणि आता ज्याच्यासाठी मी एवढं लांबण लावलं ते. जमीनवापराचा खटला मात्र पुढे चालूच राहिला. १९८७ मध्ये ऑरेगनच्या सर्वोच्च न्यायालयात तो संपला, तेव्हा त्या कायद्यापुरतं रजनीशपुरमच्या स्थापनेत बेकायदा काही नव्हतं अशीच स्थिती उरली. शहर वैध ठरलं, त्यात राहायला कुणी नव्हतं. इकडे अँटिलोपमध्ये माणसं तीस-चाळीस आणि सनद १९०१ ची. वस्ती आणि शहर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी नव्या सहकाऱ्यांना याच दोन गावांवरून शिकवतो.

रँच नंतर माँटानाच्या एका उद्योगपतीने घेतली. रिसॉर्ट काढायचा त्याचा विचार होता, त्याच्याही आड हाच जमीनवापर कायदा आला. शेवटी ती ‘यंग लाइफ’ या ख्रिस्ती युवक संघटनेला दिली गेली आणि १९९९ पासून तिथे किशोरांची शिबिरं भरतात. उन्हाळ्यातल्या एखाद्या आठवड्यात शिबिरात अँटिलोपच्या कितीतरी पट माणसं असतात. तीही जनगणनेत येत नाहीत, कारण ती राहायला आलेली नसतात.

अँटिलोपला आज टपाल कार्यालय आहे, छोटं चर्च आहे, स्वयंसेवी परिषद आहे. पिनकोड ९७००१, म्हणजे ऑरेगनच्या पिनकोडांची सुरुवातच इथून. टपाल कार्यालयासमोर ध्वजस्तंभाच्या पायथ्याशी एक फलक आहे. १९८१-८५ च्या ‘रजनीश आक्रमण आणि ताब्या’च्या काळात जे टिकून राहिले, त्यांना तो अर्पण केला आहे. शब्द त्यांचे, जसेच्या तसे. फलक वाचताना मोठ्याने हसू नका, मराठीतही नको. लोक वाईट नाहीत, पण माहितीपटांमुळे येणाऱ्या पर्यटकांना कंटाळले आहेत, आणि ‘तुम्ही भारतातून का?’ या प्रश्नानंतर काय येणार हे तुम्हालाही माहीत आहे.

जायचंच असेल तर पोर्टलंडहून कोलंबियाच्या काठाने द डॅल्स, तिथल्या काउंटीच्या इमारतीबाहेरचा प्रॉंगहॉर्नचा पुतळा याच प्रकरणाच्या आठवणीसाठी आहे. तिथून शानिको, अँटिलोप, क्लार्नो, फॉसिल अशी ओळ धरा. रँच खासगी आहे, आत शिरू नका. क्लार्नोकडे उतरणारा रस्ता वळणांचा आहे आणि हिवाळ्यात निसरडा होतो. अँटिलोपमध्ये पेट्रोल आणि जेवण मिळेल असं धरून चालू नका. टाकी द डॅल्सला भरा, परत मॅड्रासकडून येणार असाल तर तिथे.